येथे टेरियरसाठी घर पाहिजे

...न्हाई, पण मी काय म्हणतो, फुकटात कुत्रं न्यायला माणूस नांदेडहून स्वतःची गाडी काढून, बायकोला पुढं बसवून, वर पेढ्याचा डबा घेऊन येतो कशाला? सांगा की! पेढे कशाला? पोरगी बघायला आलाय का? तुम्हाला सांगतो, पेढे बघितले की मी सावध होतो. ज्याला काही लपवायचं नसतं तो माणूस मोकळ्या हातानं येतो, हा माझा पाटबंधारे खात्यातल्या उभ्या नोकरीचा अनुभव हाय. टेबलापाशी येऊन कुणी गोड हसला रे हसला की मी त्याची फाईल खाली ढकलायचो, आणि नंतर त्यात काहीतरी निघायचंच! इंदू म्हणते... इंदू म्हणजे आमची मिसेस, झेडपीच्या शाळेत बाई होती, अजून मला तिसरीतलाच समजते... इंदू म्हणते, "अहो, जगात चांगली माणसंही असतात." असतात ना! मी कुठं न्हाई म्हणतो? पण उगंच कोण कुणाला चांगलं वागतंय हो?

आता तुम्ही म्हणाल, उद्धवराव, तुम्ही रिटायर माणूस, ह्या कुत्र्याच्या भानगडीत पडला कसे? मी पडलो न्हाई. मला पाडलं. नांदेड रोडला एक शेड होतं, तिथं एकजण विलायती कुत्र्यांची पैदास करायचा. धंदा बसला, पठ्ठ्या रातोरात गायब, आणि कुत्री पिंजऱ्यात तशीच! जनावराच्या डॉक्टरनं कुलूप तोडलं, कुत्री काढली, आणि गावात जी जी मऊ काळजाची माणसं होती त्यांना वाटून दिली. इंदूचं काळीज कसंय ते सगळ्या लातूरला ठाऊक. आमच्या वाट्याला चार आली. "थोडे दिवस सांभाळायची, माणसांत आणायची आणि चांगलं घर बघून द्यायची," म्हणाली, "ह्याला फॉस्टर म्हणतात." मी ऐकलं फास्टर. म्हणलं बरंय, फास्ट जातील. कशाचं फास्ट! दोन दिवाळ्या झाल्या!

बरं, कुत्री साधी असती तर गोष्ट वेगळी. ही टेरियर. बुटकी, पांढरी, अंगावर बिस्किटी डाग, कान दुमडलेले, आणि माती दिसली की उकरलीच पाहिजे! पण टेरियर म्हणून आमच्या गल्लीत कुणाला सांगून बघा तुम्ही. आमची गल्ली म्हणजे क्लासेसची गल्ली. खाली मेस, मधे होस्टेल, वर अभ्यासिका, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या शेकडो चड्ड्या-बनियनी. मी फिरायला निघालो की समोरचा विचारतो, "काका, घरात काय पाळलंय म्हणं?" मी म्हणतो, टेरियर. "हां हां, करिअर! कुठला क्लास लावला?" अरे बाबा, करिअर न्हाई, टे-रि-यर! "तेच ते काका. मेडिकल का इंजिनिअरिंग?" आता ह्याच्यापुढं काय डोकं फोडायचं?

त्यातली तीन गेली. एक तर थेट किनवटला गेलं, तिथल्या आश्रमशाळेतल्या बसवंत मास्तरांकडं. मास्तर फोनवर म्हणाले, "मजेत हाय, काळजी करू नका." म्हणजे काय? काळजी करू नका असं माणूस कधी म्हणतो? काळजी करण्यासारखं असतं तेव्हाच ना! गेलो. नांदेडला जाऊन किनवटची गाडी धरली, आश्रमशाळेसमोर सागाच्या झाडामागं उभा राहिलो, म्हणलं आपण दिसत नसताना कसं वागवतात ते बघावं. कुत्रं मजेत होतं. एवढं मजेत होतं की त्यानं मला ओळखलंच न्हाई, भुंकून भुंकून सगळी शाळा गोळा केली, आणि पोरांनी मला पोरं पळवणारा म्हणून धरलं! मास्तर धावत आले म्हणून वाचलो. वर जेवू घातलं त्यांनी मला. मी जेवलो, पण बारीक नजर ठेवून जेवलो. उगंच कोण कुणाला चांगलं वागतंय?

राहिली शेवटची. ती मात्र जाईना. म्हणजे गेली, पण परत आली. पहिल्यांदा एका वकिलाकडं दिली, तर तिनं त्यांची नवी हिरवळ उकरून वकिलीणबाईंची चप्पल त्यात पुरली... जाऊ द्या, ते समजू शकतो. पण दुसऱ्यांदा नेली ती शेषेरावानं. आडत बाजारात त्याचं सोयाबीनचं गोदाम. आला तेव्हा काय बोलणं! "काका, पोटच्या लेकरावानी सांभाळतो बघा." आणि ह्या गड्यानं तिला उंदरं मारायला गोदामात कोंडली, बाहेरून कुलूप! पिंजऱ्यात जन्मलेलं जनावर हो ते. दार बंद झालं की वेडंपिसं होतं. खालची फरशी उकरून उकरून तिच्या पंज्याची नखं निघाली होती. मी आणायला गेलो तर माझ्याकडं यायलासुद्धा तयार न्हाई, कोपऱ्यात बसून थरथरत होती. मला, तुम्हाला सांगतो, मला रडू आलं. एवढा मोठा माणूस, सोयाबीनच्या पोत्यावर बसून रडलो. दोनदा परत आली म्हणून गल्लीतल्या पोरांनी, नापास होऊन परत परीक्षेला बसणाऱ्याला म्हणतात तसं, तिचं नाव ठेवलं रिपीटर. इंदूला ते नाव आवडत न्हाई. पण ती त्याच नावाला शेपूट हलवते, काय करता!

तेव्हापासून मी ठरवलं. आता जो येईल त्याला एक प्रश्न विचारायचाच. रात्री दाराला कडी लावता का?

हसू नका. ह्याच्यामागं कारण हाय. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं घर पडलं न्हाई. विसर्जन बघून आलो होतो, उकडतंय म्हणून मी ओट्यावर आडवा झालो, इंदू आत, पोटुशी, आतून कडी. पहाटे जमीन हलली. चौकट दबली आणि कडी अडकली. मी बाहेरून दार ढकलून राहिलो, ती आतून कडी ओढून राहिली, आणि वरून माती पडून राहिली... किती वेळ गेला, मला न्हाई सांगता येत. शेजारच्यांनी पहार घातली, चौकट उचकटली, तेव्हा बाहेर आली. काही झालं न्हाई. दोघं सुखरूप, पोरगा आता पुण्यात नोकरीला हाय. पण त्या दिवसापासून आमच्या घरात एकाही दाराला कडी न्हाई. संडासालासुद्धा न्हाई! पाहुणे आले की गाणं म्हणत बसतात. लोक म्हणतात चोर येईल. येऊ द्या! चोर आला तर सामान नेईल, दार तर न्हाई नेणार?

तर ते पेढेवाले. राघवेंद्रराव का काय नाव होतं. मी त्यांना साधे सरळ प्रश्न विचारले. घरात कोण कोण असतं? रात्री कडी लावता का? मागचं दार कुठं उघडतं? बाहेरगावी जाता का, कधी जाता, तेव्हा घरी कोण राहतं? ह्यात काय चुकलं, सांगा! तर त्या बाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं, पेढ्याचा डबा उचलून परत घेतला, आणि दुसऱ्या दिवशी दारात हवालदार! "काका, तुम्ही लोकांच्या मागच्या दाराची चौकशी करता म्हणं?" मी! माझ्यावर संशय! जगात माणसं किती संशयी असतात बघा!

त्या दिवशी इंदू पहिल्यांदा चिडली. चिडली आणि चिडता चिडता तिला खोकला आला, आणि तो थांबेचना. ते सांगायचं राहिलंच. तिला दमा निघाला होता. छातीच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं, घरात केसाळ जनावर चालणार न्हाई, श्वास अडकला तर महागात पडंल. त्याला कितीतरी दिवस झाले होते. ती स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर दाबून खोकायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि मी? येईल त्याला नापास करून राहिलो होतो! "अहो," म्हणाली, "कुत्र्याला घर बघताय का राजकन्येला स्थळ? मला श्वास पुरत नाही हो." एकीकडं बायकोचा श्वास, दुसरीकडं त्या मुक्या जनावराचे पंजे. रिपीटर माझ्या पायावर मान टाकून पडलेली. तिला काय ठाऊक, तिच्यामुळं काय चाललंय!

मग पाटी लावायचं ठरलं. इंदूनंच कागदावर लिहून दिलं, येथे टेरियरसाठी कायमचं घर पाहिजे. पेंटर गुलाम रसूलला बोलावलं. आमच्या गल्लीतली प्रत्येक पाटी त्याच्या हातची. अक्षर म्हणजे मोती! पण गुलाम रसूल विचारतो, "साहब, अंदर आके चाय पियूं?" म्हणजे? स्वतः होऊन चहा मागतो? चहा दिला, पण मी त्याच्या डब्यांवर लक्ष ठेवून बसलो, ब्रश किती आणले, किती नेतो, आमचं स्टूल परत ठेवतो का न्हाई... सगळ्यावर लक्ष ठेवलं, तुम्हाला सांगतो. फक्त पाटी वाचली न्हाई. आमच्या गल्लीत पाटी कोण वाचतंय हो? सगळीकडं तेच तेच. नजर आपली घसरत पुढं जाते.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी फाटकात एक माणूस. पांढरा सदरा, कपाळाला विभूती, हातात लोखंडी पेटी, आणि मागं एक पोरगी, खांद्याला दप्तर, मान खाली. "नमस्कार सर. मी सिद्धराम, जळकोटचा. पाटी बघून आलो. लेकराचं बघायचं होतं."

मला बरं वाटलं. कुत्र्याला लेकरू म्हणणारा माणूस! पण पेटी कशाला? पेटीत घालून नेतो का काय? मी म्हणलं, या, बसा. पोरगी आत आली न्हाई, अंगणातच पायरीवर बसली. मी सिद्धरामला आधीच सांगून टाकलं, म्हणलं लपवाछपवी नको, आमचं लेकरू रिपीटर हाय.

"आमचंबी रिपीटरच हाय सर!"

आं? ह्याच्याकडंही एक परत आलेलं? मग आणखी एक कशाला पाहिजे? काहीतरी हाय बरं का! मी कान टवकारले. विचारलं, खायला काय घालता?

"दूध-भाकर, वरण, घरात असंल ते. भायेरचं खाऊ देत न्हाई सर, पोट बिघडतंय."

पास! मी मनात म्हणलं, पास. मोकळं सोडता का?

"कसं सोडावं सर? मोकळं सोडलं की मैत्रिणीकडं जाऊन बसतंय."

मैत्रिणीकडं? म्हणजे कुत्री, आणि तिची मैत्रीण... असंल बाबा, जळकोटला असंल. मी जरा आवाज चढवला. म्हणलं, मारता का?

"आमी न्हाई मारत सर," सिद्धराम हात जोडून म्हणाला, "पण तुमाला मारायचं असंल तर खुशाल मारा."

"मी मारू?"

"मारा सर! आमची काय हरकत न्हाई. कातडं तुमचं, हाडं आमची!"

कातडं! हे असतंय तर! कातडं आम्हाला देणार, हाडं हे नेणार. अरे, हा व्यवहार तरी कसला? हाडाचं काय करतात हे लोक? मी खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हणलं, उद्धव, शांत राहा, ह्याच्याकडून सगळं काढून घे. हसत हसत विचारलं, आणि रात्री झोपवायचं कुठं?

"झोपू देऊच नका सर! झोपलं की गेलं वर्ष वाया. डोळा लागला की गार पाणी मारा तोंडावर. काळा चहा पाजा."

आणि दाराला कडी?

"बाहेरून लावा!" आता त्याला जोर आला होता. "आतून लावायची सोयच ठेवू नका. बाहेरून कडी, वर कुलूप. वर्षभर उघडू नका सर. दिवाळीलाबी सोडू नका. रडंल, वरडंल, ध्यान देऊ नका. दोनदा नापास झालंय, आता शेवटचा चान्स हाय!"

बास! मी उठलोच. म्हणलं, चालते व्हा! माणूस हाय का कसाई? अहो, जीव हाय त्याला! कोंडलं की नखं निघेपर्यंत उकरतं ते! तुमच्यासारख्यांच्या हाती देण्यापेक्षा मी... मी... आणि पुढं काय बोललो मलाच ठाऊक न्हाई, इंदू खोकत खोकत आतून धावत आली, समोरच्या अभ्यासिकेतली पोरं खिडकीत गोळा झाली, सिद्धराम बिचारा पेटी छातीशी धरून "सर, सर" करून राहिला.

आणि तेवढ्यात दारातून आवाज आला. हळूच. "अप्पा, ते कुत्र्याचं बोलून राहिलेत."

बघतो तर काय, ती पोरगी. शिवलीला नाव तिचं. आणि कडेवर रिपीटर! आमची रिपीटर, जी परक्या माणसाच्या सावलीलासुद्धा जात न्हाई, ती तिच्या मानेत तोंड खुपसून गप पडलेली. पोरगी माझ्याकडं बघेना. बापाकडं बघून राहिली होती.

"अप्पा," म्हणाली, "काका कुत्र्यालासुद्धा कडी लावू देत न्हाईत."

एवढंच. तुम्हाला सांगतो, सिद्धराम मटकन खाली बसला. पेटीवरच बसला. मग खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसायला लागला. "सर," म्हणाला, "सगळे असंच करतेत म्हणून सांगितलं वो मला. बाहेरून कडी लावणारं होस्टेल चांगलं म्हणून सांगितलं." आणि मीसुद्धा बसलो. कारण मी काय ऐकलं आणि तो काय बोलला, हे आत्ता कुठं माझ्या टाळक्यात शिरून राहिलं होतं.

बाहेर जाऊन पाटी वाचली. टपोऱ्या लाल अक्षरात, 'येथे करिअरसाठी कायमचं घर मिळेल'. गुलाम रसूलला फोन लावला. म्हणलं, हे काय केलंस?

"आपके कागज में गलती थी ना साहब," तो एकदम खुशीत. "कोई जल्दी में टेरियर लिख दिया था. मैं दुरुस्त कर दिया. इत्ते साल से बोर्ड लिखरा मैं, मेरेकू मालूम नै क्या? और पाहिजे काय कू? लोगां तो इधर घर ढूंढने आते, तो मिळेल लिख दिया. चाय पिलाए थे आप, इसलिए."

चहा पाजला म्हणून! आता ह्या माणसावर मी रागवू कसा? मी त्याचे ब्रश मोजत बसलो होतो आणि त्यानं चहाच्या उपकारापोटी इंदूचं शुद्धलेखन सुधारलं!

इंदूनं सगळ्यांना पोहे केले. आणि पोहे देता देता तिनं विषय काढला. म्हणाली, माडीवरची खोली रिकामी आहे, मुलीला इथंच राहू दे. कडी नाही, कुलूप नाही, वेळेवर जेवेल, वेळेवर झोपेल. शिवलीलानं एकदम वर बघितलं. सिद्धरामनं मान हलवली, पाणी प्याला, आणि मला म्हणाला, "मग तुमचं कुत्रं आमी नेतो."

झालं! माझं डोकं पुन्हा सुरू. का? तू कुत्रं न्यायला आलाच न्हाईस, मग कशाला नेतोस? मी तोंडावर विचारलं. म्हणलं, सिद्धराम, राग मानू नका, पण उगंच कोण कुणाला चांगलं वागतंय?

"उगंच कुठं?" तो म्हणाला. "तुमचं लेकरू माझ्याकडं म्हणल्यावर तुमी माझ्या लेकराला नीट सांभाळताव का न्हाई? आन माझं तुमच्याकडं म्हणल्यावर मी तुमच्याला हात लावंन का? दोघंबी वचकून राहू."

एवढ्या वर्षात, एवढ्या पेढ्यात, एवढ्या गोड बोलण्यात मला पहिल्यांदा असा माणूस भेटला की ज्यानं कारण सांगितलं! मला इतका आनंद झाला की मी त्याला मिठीच मारणार होतो. पण मारली न्हाई. म्हणलं, आधी घर बघतो.

जळकोटला गेलो. रिपीटर माझ्या मांडीवर, सिद्धराम शेजारी, जीप खड्ड्यात आदळली की आम्ही तिघं वर. घरी त्याची बायको, महानंदाबाई. दारातच उभी, कमरेला हात. मी तोंड उघडायच्या आत तिनं सुरू केलं. "आमची पोरगी जिथं ठेवलीय ते तुमीच का? घरात कोण कोण असतंय? जेवायला काय देताव? पोरगा पुण्याहून कवा कवा येतो? माडीला जिना कुठून हाय?" अहो, ही काय पद्धत झाली? पाणी न्हाई, बसा न्हाई, सरळ उलटतपासणी! मी म्हणलं, बाई, घर बघायला मी आलोय. ती म्हणाली, "बघा की. कोण नको म्हणलंय? पण आधी माझं होऊ द्या."

मग बघितलं. मोठं अंगण, उकरायला भरपूर माती, कोपऱ्यात शेवग्याचं झाड. आणि पुढच्या दाराला चौकटीत नुसती भोकं. कडी काढून टाकलेली. मी त्या भोकावर बोट ठेवलं. म्हणलं, हे असं का?

महानंदाबाईचा आवाज खाली आला. म्हणाली, "माझं माहेर किल्लारीच्या अंगाला."

मी पुढं काही विचारलं न्हाई. तिनंही सांगितलं न्हाई. आम्ही दोघं तिथंच ओट्यावर बसलो, आणि रिपीटर त्या दारातून आत गेली, बाहेर आली, परत आत गेली, परत बाहेर आली. कुणी दार लावतंय का बघत होती. कुणी लावलं न्हाई. मग उंबऱ्यावर आडवी पडली आणि झोपली. मी उठलो, तिला न उठवता चपला घातल्या आणि निघालो. जीपमध्ये बसेपर्यंत धीर धरला.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग, गोड झालं! हो, झालं. इंदूचा खोकला उतरला. जिना चढून वर जाते, पोरीला दूध देते, पोरगी रोज झोपते आणि तरी चांगले मार्क पडतात तिला. पण घरात पायाशी काही न्हाई हो. खुर्चीत बसलो की पाय आपोआप सरकवून बसतो, कुणावर पडू नये म्हणून, आणि तिथं कुणीच नसतं. मग मी जळकोटला जायचो. आठवड्याला एकदा. तपासणी म्हणून! बिस्किटचा पुडा घ्यायचो, अंगणात बसायचो, ती माझ्या पायावर मान टाकायची, पंजे उलटेसुलटे करून बघायचो, आणि यायचो परत.

तर परवा महानंदाबाई लातूरला आली. न कळवता! सरळ माडीवर गेली, पोरीची गादी दाबून बघितली, डबा उघडून वास घेतला, इंदूला विचारलं, मला विचारलं, पोरीला एकटीला घेऊन विचारलं. अहो, काय ही संशयी बाई! जाताना मात्र फाटकात थांबली. म्हणाली, "दादा, पोरीचं चांगलं चाललंय. माझी काय तक्रार न्हाई. पण एक सांगू का? तुमी आता येत जाऊ नका."

मी म्हणलं, का?

"तुमी येऊन गेलाव की ते कुत्रं दोन दोन दिस तोंडाला अन्न लावत न्हाई. फाटकाकडं तोंड करून बसतंय. मला बघवत न्हाई."

आता मला सांगा. हे खरं असंल का? का मी सारखा येतो म्हणून ह्या बाईनं मला गोडीगुलाबीनं टाळलं? कारण उगंच कोण कुणाला चांगलं... न्हाई, दोन्हीही होऊ शकतंय की! इंदू म्हणते, "एवढा संशय आहे तर जाऊन बघून या एकदा." तिला काय जातंय सांगायला? किनवटपर्यंत गेलेला माणूस मी, जळकोट काय लांब हाय? सकाळपासून दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. पण न्हाई जाणार. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट चौकशी न करता सोडून देणार हाय. काय करता हो... खरं निघालं तर रिपीटर जेवायची न्हाई, आणि खोटं निघालं तर मी.